बाभळीखाली राहिलेला पाय

शमुवेल, तुझ्या पेटीत डाव्या पायाच्या जागी मी चिंध्या भरल्या. आधी एवढं सांगून टाकते. पोटात ठेवून इकडचं तिकडचं लिहायला मला जमत नाही, आणि तुलाही ते ऐकवलं नसतं. "अक्का, मुद्द्याचं बोल," असं तूच म्हणायचास. स्वतः मात्र जन्मात कधी मुद्द्यावर आला नाहीस.

दुकानात शाळेच्या गणवेशाची कात्रणं पडलेली होती, निळी आणि करडी. ती मी घट्ट गुंडाळली, वरून सुतळी बांधली, गुडघ्याखालच्या पायाचा आकार नीट येईपर्यंत दाबली आणि तुझ्या पांढऱ्या पॅंटमध्ये सरकवली. टोकाला मोजा चढवला. उजव्या पायाच्या मोज्याशी उंची जुळवून पाहिली. काम सफाईदार झालं. माझं काम सफाईदारच असतं, वडवणीच्या स्टँडजवळ मशीन टाकून बसल्यापासून कुणी कपडा परत आणून दिलेला नाही.

सुमन तुझं अंग पुसत होती. ती थांबली आणि म्हणाली, "अक्का, ऱ्हाऊ द्या तसंच. रोज त्यो पाय मीच धुतलाय. मला काय त्याची लाज न्हाई."

"तुला नसंल गं," मी म्हणाले. "पण समदी टोळी फोनवर बघणार हाय. तू गप ऱ्हा."

तुझी बायको, तुझा पाय, आणि गप कुणाला केलं तर तिला.

जानेवारीत गेलास तू. आपली निम्म्याहून जास्त वस्ती तेव्हा ऊसतोडीला गेलेली. तुला खांदा द्यायला चार माणसं जमवताना माझी दमछाक झाली. तीन आपले म्हातारे आणि चौथा काशिनाथ, ज्याचा देव वेगळा पण शेत आपल्या दफनभूमीला लागून. कबरही त्यानंच खणली. आपल्या प्रार्थनामंदिराच्या पाळकीणबाईंनी फोन उंच धरला होता आणि त्यात तिकडं कर्नाटकाच्या हद्दीतल्या कुठल्यातरी फडात आपली माणसं उभी होती, डोक्याचे रुमाल काढून, अंगावर उसाचा पाला तसाच. मध्येच चित्र थांबायचं. मग नुसता आवाज यायचा. कुणीतरी म्हणालं, "अक्का, शमूदादाचं त्वांड दावा एकदा." पाळकीणबाईंनी फोन तुझ्या चेहऱ्यावर नेला. ते बराच वेळ बघत राहिले. पाय दाखवा असं कुणीच म्हणालं नाही. ज्यांच्यासाठी मी एवढा खटाटोप केला त्यांनी गुडघ्याच्या खाली पाहिलंसुद्धा नाही.

पेटी खाली सोडायच्या आधी काशिनाथ माझ्याजवळ आला. हळूच विचारलं त्यानं. "ताई, त्यो पाय बी काढून हितंच ठिवायचा का? मला जागा ठावं हाय. लई येळ न्हाई लागायचा."

मी म्हणाले, "गप बस. लोक ऐकत्यात."

त्यानं फावडं उचललं आणि बाजूला झाला. मग माती पडली.

तुझा पाय त्या वेळी पन्नासेक पावलांवर होता, कुंपणाच्या बाभळीखाली. तिथं मीच तो पुरला होता, आदल्या फेब्रुवारीत.

तो पाय कसा गेला हे तुला सांगायची गरज नाही, पण मला एकदा सरळ सांगायचंय, कारण तेव्हा मी वाकडं सांगितलं होतं. कापलेल्या उसाचं बुडखं तुझ्या तळव्यात घुसलं. शुगर होतीच. तू त्यावर हळद दाबलीस आणि फडात उभा राहिलास. घरी आलास तोवर बोटं काळी. बीडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एका नजरेत सांगितलं की गुडघ्याखालून काढावा लागेल. शुद्धीवर आल्यावर तुझा पहिला प्रश्न सुमनसाठी नव्हता की पोरांसाठी नव्हता.

"अक्का, पाय कुठाय?"

"टाकला आसंल त्यांनी."

"टाकू दिऊ नगं. मागून घे. आपल्या मातीत ठिव."

"कावून? लोणचं घालायचंय का त्याचं?"

तू हसला नाहीस. "मेलेली उठायच्या दिशी शोधत फिरू का बीडभर? तू आण."

दवाखान्यातल्या माणसाला मी विचारलं तेव्हा त्याला काहीच वाटलं नाही. पुष्कळ लोक नेतात म्हणाला. सही घेतली आणि गुंडाळून दिला. लाजले ती मीच. बीडहून कापडाचे तागे आणायची माझी नायलॉनची पिशवी आहे ना, निळ्या पट्ट्यांची, तिच्यात तो घातला, वरून दोन मीटर कापड टाकलं आणि वडवणीच्या गाडीत बसले. कंडक्टर म्हणाला, पिशवी वर ठेवा. मी मांडीवर घेतली. शेजारी एक बाई होती, डोळ्यांनीच बोटं लावणारी.

"लई जड दिसतंय. काय हाय?"

"कापड."

"एवढं गच्च?"

"शाळेचं कापड हाय. जाड आसतं."

ती वडवणी येईपर्यंत मला कापडाचे भाव विचारत होती आणि मी सांगत होते. मांडीवर तुझा पाय, आणि मी मीटरचा भाव सांगतेय. ह्याच पायाला मी कडेवर घेऊन वाढवलं होतं. आई-आप्पा फडात असले की तू माझ्या कमरेला, आणि तुझी टाच माझ्या मांडीवर आपटत राहायची. त्या गाडीत ते आठवलं होतं मला. आठवूनही मी पिशवीची गाठ जास्त आवळली.

पाळकसाहेबांना सांगणं भाग होतं. ते म्हणाले, "पायासाठी वेगळा विधी माझ्या पुस्तकात नाही, पण मी येतो. दोन शब्द बोलू." मीच म्हणाले, नको, कशाला तमाशा. बटणं-दोरे ठेवायची माझी जुनी पत्र्याची ट्रंक रिकामी केली. काशिनाथनं खड्डा घेतला. ना प्रार्थना, ना गीत, ना खूण. तुला येऊन सांगितलं, "ठिवला बघ, आप्पांच्या शेजारी." आप्पांच्या शेजारी कुठला. कुंपणाच्या कडेला, जिथं जाणाऱ्या-येणाऱ्याला खड्डा दिसणार नाही अशा ठिकाणी.

आता तुझ्या सणाचं.

लोक मला विचारतात, तुमचा मोठा सण नाताळ ना? मी हो म्हणते, कारण खरं सांगत बसलं तर गिऱ्हाईक निघून जातं. डिसेंबरात आपली माणसं गावात असतातच कुठं. देव माणूस होऊन जन्माला आला त्या दिवशी आपली मंडळी दुसऱ्याच्या उसात वाकलेली असते. म्हणून आप्पांच्या पिढीनं काढलेला तो तोडगा. पुनरुत्थानानंतर चाळीस दिवसांनी स्वर्गारोहणाचा दिवस येतो, भर उन्हाळ्यात. तोवर सगळ्या टोळ्या परतलेल्या असतात. मग एकाच दिवशी दोन्ही. सकाळी तो जन्माला येतो, संध्याकाळी परत जातो. येण्याजाण्याचा सण. पाळकसाहेब नवीन आले तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला होता. दुसऱ्या वर्षीपासून तेच पुढं होऊन विचारायला लागले, "यंदा तोडीवर कुणाचं लेकरू झालं?"

कारण बाहुली चालायची नाही. हा हट्ट तुझा. त्या हंगामात फडावरच्या खोपीत जे मूल जन्मलं असेल तेच गव्हाणीत ठेवायचं. तूही खोपीतच झालेला, म्हणून असेल. गव्हाण काशिनाथच्या गोठ्यातली, त्याचे बैल दिवसभर आपल्याकडं रागानं बघायचे. एका वर्षी त्या लेकरानं पाळकसाहेबांच्या पांढऱ्या झग्यावर धार सोडली. तू मागून मोठ्यांदा म्हणालास, "देव खराच माणूस झालाय. आता माझी खात्री पटली." पाळकसाहेबसुद्धा हसले. मी हसले नाही. मला ते अशोभनीय वाटलं. मी पुढं होऊन लेकराला दुपट्यात गुंडाळलं, नीट, पायापर्यंत.

माझा धंदाच झाकायचा आहे रे. कुणाचं पोट सुटलंय, कुणाचा खांदा उतरलाय, टेप लावली की मला कळतं, आणि कापड असं बेतायचं की दुसऱ्याला कळू नये. ह्याचेच लोक मला पैसे देतात. देव अंगावर चिंधी नसताना आला आणि त्याला कुणी लाजवलं नाही, हे मी दरवर्षी ऐकत आले, पण ते माझ्या कामाचं आहे असं मला वाटलं नाही.

संध्याकाळी प्रभू होऊन तू वर जायचास. प्रार्थनामंदिराच्या भिंतीला शिडी, आणि शिडीपुढं दोघांनी धरलेला ढग. ढग मी शिवलेला, मांजरपाटाचे दोन पने जोडून. तू पांढरा झगा घालून हात वर करायचास, ढग पुढं यायचा, तू मागून शिडी चढून स्लॅबवर. एका साली वारा सुटला आणि ढग उडून काशिनाथच्या डोक्यावर पडला. समोर प्रभूच्या भेगाळलेल्या टाचा, आणि एक चप्पल शिडीच्या पायरीत अडकलेली. लेकरं ओरडली, "शमूदादा, चप्पल!" तू खाली न बघता म्हणालास, "ऱ्हाऊ द्या, वर लागत न्हाई."

आणि नियम असा की वर गेलेल्यानं मंडळी पांगेपर्यंत खाली यायचं नाही. आला तर गेला कशाला? खाली खिचडी-बुंदीच्या पंगती बसायच्या आणि तू त्या तापलेल्या स्लॅबवर एकटा. थोड्या वेळानं कठड्यावरून बारीक आवाज यायचा. "अक्का, पानी."

"देवाला तहान लागती का?" मी खालून दातओठ खात विचारायची.

"लागती. जाताना त्यानं तहान हितं ठिवली न्हाई."

मग मीच ताट-तांब्या घेऊन शिडी चढायची. आपले सगळे वाद तिथंच झाले, पाठीखाली तापलेला स्लॅब आणि खाली पंगतीचा गलका. मी दरवर्षी तेच विचारायची: यायचं ते समजलं, पण परत जायचं कशाला? राहायचं होतं. इथं काय कमी काम होतं?

"ऱ्हायला आसता तर आतापत्तोर बॅनरवर आसता," तू म्हणायचास. "इलेक्शन आलं की एकानं उजवा हात धरला आसता, दुसऱ्यानं डावा. माजलगाववाले म्हणले आसते आमचा, बीडवाले म्हणले आसते आमचा. बरं झालं गेला. आता कुणाच्या गाडीत बसत न्हाई."

एकदा मी म्हणाले, "मला विचारशील तर त्याचं शरीर म्हणजे अंगरखा. आला तवा घातला, गेला तवा काढला. सोपं हाय."

तू बुंदी खाता खाता थांबलास. "काढला आसता तर कबरीत घावला आसता. तिथं काय घावलं? नुसती कापडं. गुंडाळलेली. कापडं ठिवून गेला आन् आंग घिऊन गेला. शिंपीण आसून तू उलटं सांगतीस."

"मंग वर त्याला हाडामासाचं काय करायचंय?"

"त्ये त्यालाच इचार. पर हातावरची खिळ्यांची भोकं बी घिऊन गेलाय म्हणं."

मी तुझं ताट उचललं आणि खाली आले. उत्तर नसलं की मी भांडी गोळा करते, हे तुला ठाऊक होतं.

गेल्या मे महिन्यात तू कुबडी घेऊन दुकानात आलास. कात्रणांच्या ढिगावर बसलास आणि म्हणालास, "झगा डाव्या अंगानं आखूड कर. गुडघ्याच्या वर. थोटं दिसू दे."

मी मशीन थांबवली नाही. "तू जायचं न्हाई यंदा. पडशील."

"काशिनाथ कंबर धरतो म्हणलाय."

"पडशील."

पडला असतास, हे खरंच आहे. सुमनलाही तीच भीती होती. पण मी त्या पडण्याला भीत नव्हते. आजकाल सगळ्यांच्या हातात फोन. बाहेरगावची मंडळी येतात. एका पायाचा प्रभू कुबडी घेऊन शिडी चढतोय, हे गावोगाव फिरेल आणि लोक विचारतील, हा कुणाचा भाऊ? त्याला भीत होते. पाळकसाहेबांनी निर्णय आपल्या घरावर सोडला होता, आणि आपल्या घराचा निर्णय म्हणजे माझा, हे सगळ्यांनीच धरलेलं.

शेवटी मी म्हणाले, "बरं, एक करते. झगा लांब शिवते, जमिनीपत्तोर. आत कापडाचा पाय भरते. कुणाला कळायचं न्हाई."

"झाकायचं आसंल तर मी जातच न्हाई."

"लोकांचा इचार कर जरा."

"भोकं घिऊन त्यो वर गेला. कुणी म्हणलं का त्याला, आधी बुजवून ये मंग दार उघडतो?"

"तू काय त्यो हायस?"

तू कुबडी घेतलीस, दोनदा प्रयत्न करून उठलास. मी हात दिला नाही, कारण शिलाई मध्येच सोडली तर टाका सुटतो. असं मी स्वतःला सांगितलं. तो वाद तिथंच राहिला, मशीनवर, आणि पुढं आठ महिने आपण हवापाणी, औषधं, पोरांच्या फिया असलं बोलत राहिलो.

त्या वर्षी पाळकसाहेबांचा पुतण्या वर गेला. चांगला उंच, दोन्ही पाय शाबूत. ढगामागं गेला आणि बुंदी वाढायला घेतली तशी उड्या मारत खाली आला, झग्यातच फोटो काढायला. तू प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बघत होतास. मी तुझ्या ताटातली बुंदी काढून घेतली, शुगर म्हणून. तू म्हणालास, "वर आसतो तर तूच आनून दिली आसतीस." एवढंच. मला वाटलं राग गेला.

तू गेल्यापासून लोक दुकानात येतात आणि सांगतात, अक्का, भावाला किती नीटनेटकं पाठवलंत. कुणाला कळलंसुद्धा नाही म्हणतात. पाळकीणबाई तर म्हणाल्या, अशी बहीण सगळ्यांना मिळो. मी हो-हो करते आणि कात्री चालवते. मान वर करून बघवत नाही. चुकीचा कपडा शिवून दिला असता तर उसवून परत शिवता आला असता.

परवा पाळकसाहेब आले. तुझी आठवण म्हणून त्यांना एक सुचलं होतं, मनापासून. म्हणाले, "यंदा कुणी वर जायचं नाही. शमुवेलचा पांढरा झगा शिडीच्या टोकाला टांगू. वाऱ्यानं हलेल. सगळ्यांना भरून येईल."

माझ्या गळ्यात टेप होती. मी म्हणाले, "नको."

"का हो?"

"तो कपडे टांगून गेला नाही, पाळकसाहेब. कपडे खाली राहिले आणि देह गेला."

हे मी बोललेच नव्हते, तू बोलला होतास, माझ्या तोंडानं. आणि मग ते वाक्य उलटून माझ्याच अंगावर आलं. मी काय केलं होतं? कापडं पुरली आणि देह बाहेर ठेवला. मोजा चढवून. कुंपणाच्या कडेला. शिंपीण असून.

पाळकसाहेब विचारत होते, पाणी आणू का. मी म्हणाले, पाणी नको, बसा, तुमच्याशी काम आहे. त्यांना सगळं सांगितलं, पाय आता तुझ्याजवळ आणायचाय हेही. चिंध्यांचं सांगताना मशीनचं चाक हातानं धरून ठेवलं. ते म्हणाले, "पुस्तकात अजूनही नाही. पण मी तेव्हाही येतो म्हणालो होतो."

मग सुमनकडं गेले. दारातच सांगितलं, बसले नाही. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मला वाटलंच व्हतं तुमी याल. यायला येळ केला." मग ताटातला खडा काढून बाजूला ठेवत म्हणाली, "चिंध्याचं मनावर घिऊ नगा. हलक्या हायत. त्यास्नी ओझं न्हाई व्हायचं." मीही तांदूळ निवडायला बसले.

काशिनाथ गोठ्यात होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी तवाच म्हणलं व्हतं. तर तुमी मलाच गप केलं."

"चुकलं माझं."

"चुकंना. पर तुमच्या देवाचं काम लई हातांचं हाय, ताई. घ्या, ठिवा, उकरा, परत ठिवा." शेणाची पाटी उचलता उचलता म्हणाला, "येतो. रविवारी ना?"

रविवारी. उपासना सुटल्यावर, सगळ्यांच्या देखत. सुमननं फोन लावायचं ठरवलंय, तोडीवरच्या मंडळींनाही बघू दे म्हणाली. ह्या वेळी मी अडवलं नाही.

तुझी कबर उघडणार नाही. चिंध्यांचा पाय आतच राहील, त्याला आता इलाज नाही. तू उठलास की आधी सुतळी सोड आणि तो फेकून दे. गाठ मी घट्ट मारली आहे, दातांनी सोडवावी लागेल. खरा पाय तुझ्या डाव्या अंगाला असेल, हात लांब केलास की लागेल एवढ्यावर. तुझ्या आणि आप्पांच्या कबरीच्या मध्ये जागा बघून ठेवली आहे. आणि ह्या वेळी खरंच आप्पांच्या शेजारी.

यंदा वर कोण जाणार ते ठरलेलं नाही. पुतण्याला तर मी पाठवणार नाही. झगा मात्र काल उसवला आणि खालून चांगला वीतभर कापला. जो कुणी चढेल त्याचे पाय लोकांना दिसतील, कसे असतील तसे. वरच्याला पाणी मी नेऊन देईन.

माझ्या त्या प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालं नाही, त्याला वर हाडामासाचं काय करायचंय ते. तू आता तिथं आहेस, तर विचारून ठेव. पण तो ते सोडून गेला नाही, एवढं मी मानायला लागलेय. मला मानायला कोण भाग पाडतंय तर तुझा पाय.

ट्रंकेला गंज चढला असेल. ती उघडायची नाही, तेवढी अक्कल मला आहे. काशिनाथ म्हणाला, मी उचलतो. मी म्हणाले, नको, ती मी नेणार, बाभळीपासून आप्पांच्या ओळीपर्यंत, सगळ्या कबरींच्या मधून. निळ्या पट्ट्यांची पिशवी दुकानातच राहील, वरून कापडही टाकणार नाही. वाटेत कुणी विचारलंच, अक्का, काय हाय त्यात, तर सांगेन.

माझ्या भावाचा पाय हाय.